नऊ लाद्यांपलीकडची खिडकी

आमच्या ह्यांनी ऐरोलीची जागा घेतली ती एका खिडकीपायी. बाकी त्या जागेत घेण्यासारखं काही नव्हतं. एक बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर, चिंचोळी मोरी, नळाला दिवसातून तासभर पाणी. बसस्टॉप लांब, भाजीबाजार त्याहून लांब. पण बाहेरच्या खोलीची खिडकी खाडीकडे उघडायची आणि मधे तेव्हा एकही इमारत नव्हती. लग्नानंतरची एकवीस वर्षं आम्ही परळच्या चाळीत काढली होती. तिथल्या खोलीला खिडकी होती, पण ती गॅलरीत उघडायची, म्हणजे उघडली की समोर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले लेंगे. ऐरोलीची रिकामी जागा बघायला आलो तेव्हा हे थेट खिडकीशी गेले, कडी काढली, दोन्ही हात बाहेर काढून उभे राहिले आणि तिथूनच एजंटला म्हणाले, "घेतली." मी अजून मोरीसुद्धा बघितली नव्हती. त्यावरून मी त्यांना पुढे कित्येक वर्षं टोमणे मारले.

हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय मला तेव्हा नव्हती आणि आता तर मुळीच लागायची नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते सुपरवायझर होते. ड्यूटीवरून आले की चपला एकीकडे, डबा दुसरीकडे, आणि हे खिडकीत. चहाही तिथेच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यावर तर बोलायलाही त्यांना खिडकीच लागायची, तिच्याकडे तोंड करून ते माझ्याशी बोलायचे. संध्याकाळी वारा फिरला की कंपन्यांचा वास यायचा. मी नाकाला पदर लावायची, आणि हे वास घेऊन कुठल्या कंपनीने काय सोडलंय ते सांगायचे. "अहो, बंद करा ती खिडकी, डोकं उठलं," मी म्हणायची. "एकवीस वर्षं बंदच होतो की," हे म्हणायचे. त्यांचं खरं होतं, पण मी तसं कधी म्हटलं नाही.

होळी होऊन आठवडा झाला असेल. रविवारची सकाळ होती. हे आरशासमोर दाढी करत होते आणि हातातला ब्रश पडला. उचलायला वाकले ते तिथेच कलंडले. मी स्वयंपाकघरातून आले तर अर्ध्या गालाला साबणाचा फेस आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. वय एक्कावन्न.

वाशीच्या इस्पितळात सतरा दिवस काढले. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणाले. बघायला आलेले कंपनीतले लोक पॅरालिसिस म्हणाले. साताऱ्याकडून माझ्या सासूबाई आल्या, लेकाच्या उशाशी बसल्या, त्याच्या उजव्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वारं गेलंय माझ्या लेकराच्या अंगावरनं." आमच्याकडे ह्या दुखण्याला तोच शब्द आहे. माझ्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं, मामांच्या गेलं होतं. लहानपणापासून ऐकलेला शब्द, त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नाही. डॉक्टरांनी मेंदू, रक्ताची गुठळी असं सगळं कागदावर काढून दाखवलं होतं. मी मान डोलावली होती. पण कागद घडी करून पिशवीत गेला आणि शब्द घरी आला.

घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी आधी पंखा बंद करायला लावला, मग खिडकी. "आगं, वाऱ्यानंच झालंय हे. परत वारा लागला तर दुसरी बाजूबी जाईल." दुसरी बाजू जाईल, हे ऐकलं आणि मी उठले. खिडकीची कडी मी लावली. फटीत जुन्या साडीच्या चिंध्या मीच कोंबल्या, त्याही सुरीच्या टोकाने, नीट. ह्यांच्या कानात कापूस, डोक्याला मफलर, पायात लोकरीचे मोजे. मार्च संपत आला होता. सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या, मी मॅट्रिक होते, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायची सोय मला नाही. आणि खरं सांगायचं तर ती कडी लावताना मला बरं वाटलं. सतरा दिवस मी नुसती इस्पितळाच्या बाकावर बसून होते, काही करण्यासारखं कुणी मला दिलंच नव्हतं. खिडकी बंद करणं हे तरी माझ्या हातातलं होतं.

भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा, आता पूर्ण आराम. इस्पितळाच्या कागदावर व्यायामाचं लिहिलं होतं, पण व्यायाम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तालमीतली पोरं यायची. ज्याला कूस बदलता येत नाही त्याने कसला व्यायाम करायचा? सकाळ-संध्याकाळ तेल चोळत होतो, भरवत होतो, पुसत होतो. पलंग भिंतीला लागून होता. हे पाठीवर निजले की भिंत डाव्या हाताला आणि खिडकी उजव्या, म्हणजे गेलेल्या बाजूला. आम्ही सगळं भिंतीकडून, चांगल्या बाजूने करायचो. तिकडे जेमतेम वीतभर जागा, तरी मी अंग चोरून तिथे बसायची.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांच्या तोंडून पहिला आवाज फुटला. "वा." दिवसभर तेवढंच. "वा. वा." आम्हाला आकाश ठेंगणं झालं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "बघ," त्या मला म्हणाल्या, "त्याला बी कळतंय काय झालंय ते. वारं म्हन्तोय." मग ह्यांनी 'वा' म्हटलं की मी उठून खिडकी बघून यायची. कडी दाबायची, चिंधी आत सरकवायची, आणि म्हणायची, "नाही हो, जराही वारा येत नाहीये." हे डाव्या हाताने पलंगावर थापा मारायचे, मान जोरजोरात हलवायचे, रडायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ह्या दुखण्यात माणूस उगाच रडतो आणि हो म्हणायचं तिथे नाही म्हणतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. मी नाही घेतलं लावून.

तळवलीहून एक मावशी मासळी घेऊन दारावर यायच्या. एकदा त्यांनी दारातून आत डोकावून बघितलं. एप्रिलच्या दुपारी मफलर गुंडाळलेला माणूस बघून त्या म्हणाल्या, "बाय, ती खिरकी तरी उघर. मानूस उकरून मरंल."

"त्यांच्या अंगावरून वारं गेलंय," मी म्हटलं.

"मंग यो वारा का त्यो वारा हाय?" मावशी हसल्या.

मला असा संताप आला की मी मासळी न घेताच दार लावलं. तुम्हाला काय कळतंय, असंही म्हटलं बहुतेक. त्या पुन्हा आमच्या मजल्यावर आल्या नाहीत.

सात आठवड्यांनी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर माझ्यावर चिडले. निजवून काय ठेवलंय, म्हणाले. त्यांनीच मग एक मुलगी पाठवली, घरी येऊन व्यायाम करून घेणारी. फिजिओथेरपिस्ट हा शब्द मी तिच्यामुळे शिकले. सव्वीस-सत्तावीसची असेल, सीवूड्सला राहायची, दोन बस बदलून यायची. चपला काढता काढता तिने विचारलं, "काकू, इतके दिवस कुठे होतात?" उत्तर द्यायच्या आत ती पलंगाशी पोचली होती.

तिची रीत आमच्या उलटी. आम्ही जपत होतो ती डावी बाजू तिने सोडून दिली आणि गेलेल्या बाजूला जाऊन बसली. "काका, इकडे बघायचं. मी इकडे आहे." पाण्याचा पेला, चष्मा, वर्तमानपत्र, सगळं तिने उजवीकडच्या स्टुलावर मांडलं. मला म्हणाली, "त्यांना जे हवं असेल ते ह्या बाजूला ठेवायचं, आणि हाताला लागणार नाही इतकं लांब. हातात द्यायचं नाही. मेंदूला पुन्हा शिकवायचंय, हवंसं वाटल्याशिवाय तो शिकत नाही." मला ते निर्दयपणाचं वाटलं. तहानलेल्या माणसापासून पेला लांब ठेवायचा?

पहिला धडा कूस बदलण्याचा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची, म्हणजे चांगला हात वाईट हाताला धरून नेतो, वाईट गुडघा दुमडायचा, मान वळवायची आणि अंग त्यामागे टाकायचं. उजवीकडे वळायला ह्यांना आठवड्यात जमलं. डावीकडे, भिंतीकडे, मात्र जमेना, कारण गेलेला हात-पाय उचलून पलीकडे न्यावा लागतो. ढुंगणाखाली तिने हात दिल्याशिवाय ते कधीच तिकडे वळले नाहीत. मग पलंगाच्या कडेला बसणं. मग उठून उभं राहणं, तेही भार वाईट पायावर टाकून. ती समोर बसून आपल्या गुडघ्यांनी त्यांचा गुडघा अडवून धरायची आणि म्हणायची, "टाका भार, काका. मी आहे." एवढीशी मुलगी, आणि हे सत्तर किलोचे. उभे राहिले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पहिल्या दिवशी ती आणखी एक गोष्ट म्हणाली होती. "काकू, खिडकी उघडा ना. ह्या उकाड्यात व्यायाम कसा करतील ते?"

सासूबाई पलंग आणि खिडकी यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तेवढं सोडून काय ते सांगा." तिने दोनदा समजावलं, तो वारा आणि हा वारा वेगळा म्हणून. मी तिला म्हटलं, बाळ, आमच्या घरात तीन माणसांना झालंय हे, आम्हाला माहीत आहे. खाली सोसायटीच्या आवारात चालवू म्हणाली, त्यालाही नाही म्हटलं, खाडीवरून वारा थेट येतो. शेवटी तिने नाद सोडला. मग चालायला उरली फक्त खोली. पलंगापासून खिडकीपर्यंत नऊ लाद्या होत्या. तिने खडूने आकडे घातले.

नऊ लाद्या म्हणजे किती? पोछा मारायला मला मिनिटही लागत नसे. ह्यांना पहिली लादी यायला जून उजाडला. हातात चार पायांची काठी, उजव्या बाजूला ती मुलगी, मागे खुर्ची घेऊन मी. काठी पुढे, वाईट पाय पुढे, मग चांगला. पाय पुढे यायचा म्हणजे कंबरेतून फेकला जायचा, चवडा फरशीवर घासत. पावसाळाभर आम्ही दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लादीवर होतो. मधे आठवडाच्या आठवडा एक लादी मागे गेलो. घोटा आखडत चालला होता. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे हाताशी लागतं ते मोलाचं असतं, आणि आपले बरेच दिवस पलंगावर गेले. ती 'आपले' म्हणाली, हे तिचे उपकार.

पण हे हट्टाला पेटले होते. ती गेल्यावरही मला खुणावायचे, उठव. दिवसातून तीनदा, चारदा. घाम असा यायचा की सदरा पिळून काढावा. कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. पडतील म्हणून मी "पुरे आता" म्हणायची, तर काठी आपटायचे. नजर सतत समोर. मुलगी म्हणायची, काकांसारखा पेशंट मी बघितला नाही. मला वाटायचं, पुन्हा कंपनीत जायचंय म्हणून चाललंय हे सगळं. कधी वाटायचं, माझ्यासाठी चाललंय. तेव्हा मी आतल्या आत सुखावायची सुद्धा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या आणि मी तांदूळ निवडत होते. ह्यांनी खुणावलं. उभं केलं. पाच लाद्या, सहा. सातवीवर थांबून धापा टाकल्या. मी खुर्ची पुढे सरकवली, त्यांनी बसायला नकार दिला. आठ. नववी लादी आली. खिडकीला त्यांनी पोट टेकवलं, काठी सोडून दिली, ती पडली. डावा हात वर गेला आणि कडीवर बसला. मान वळवून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "वा."

मी धावले. त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, आणि कडी खालपर्यंत घट्ट दाबली. "बंद आहे हो," मी म्हटलं. "घट्ट बंद आहे. बघा, हलत पण नाही. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, त्या नजरेने त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. रागाने पाहिलं असतं तर मी ओळखलं असतं, राग मला माहीत होता. मग त्यांचा हात कडीवरून आपोआप सुटला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची ओढत पलंगाशी आणली, आणि आनंदाने शिरा करायला गेले. नऊ लाद्या पूर्ण झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा हे उठेनात. पाय खाली सोडेनात. मी तिला तोंड भरून सांगितलं, "काल खिडकीपर्यंत गेले! एकदाही न बसता. कडी नीट लागलीय का ते बघायला."

ती हसत होती, ती हसायची थांबली. त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि हळूच विचारलं, "काका, खिडकी उघडायची होती का?"

ह्यांनी मान हलवली नाही, 'वा' म्हटलं नाही. डावा हात पलंगावरून थोडा उचलला आणि सोडून दिला. मुलगी उठली, चिंध्या उपटून काढल्या, कडी काढली आणि दोन्ही झडपा उघडल्या. सासूबाई दारात होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला, पण अडवलं नाही. खोलीत वारा आला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. कितीतरी महिन्यांनी तो आवाज मी ऐकला आणि तेव्हा मला कळलं, एकदम सगळं, तिसऱ्या आठवड्यापासूनचं. माणूस सहा महिने खिडकी उघडा, खिडकी उघडा म्हणत होता आणि दर वेळी मी उठून ती जास्त घट्ट लावत होते. स्वतःच उघडावी म्हणून तो चालायला शिकला. आणि कडीवर हात पोचल्यावर मी वरून माझा हात दाबला.

त्यानंतर खिडकी रात्रंदिवस उघडी राहिली, परतीच्या पावसात खालची फरशी भिजली तरी. सासूबाई दिवाळीनंतर गावी गेल्या. जाताना लेकाच्या पायांवर हात ठेवून बराच वेळ बसल्या, पण त्या शब्दाबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही. मुलगी आणखी दीड महिना येत राहिली. हे तिला हात-पाय हलवू द्यायचे, एखाद्या वस्तूचे हलवावेत तसे. स्वतः उठले नाहीत. मी त्यांची माफी मागितली, एकदा नव्हे, रोज. त्यांनी ऐकलं की नाही कळत नसे. 'वा' म्हणणंही बंद झालं. तेवढा एक आवाज घरात होता, तोही गेला. मुलगी शेवटच्या दिवशी म्हणाली, "काकू, आता त्यांना काही हवंसं वाटलं तरच."

ते वाक्य मी डोक्यात घोळवत बसले. हवं असेल ते लांब ठेवायचं, तिनेच शिकवलं होतं. जानेवारीतली एक दुपार होती. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. कडी घातली. नवव्या लादीवर, जिथे खडूचा आकडा अजून पुसट दिसत होता, तिथे खिडकीला पाठ लावून बसले आणि म्हटलं, "या. उघडा. ह्या वेळी मी अडवणार नाही." हात जोडले मी. "नुसतं वा तरी म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या कडीकडे. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि बोटं बोटांत अडकवली, तिने शिकवलं होतं अगदी तशी. उजवा गुडघा हळूहळू दुमडला. मी जागेवरून उठलेसुद्धा. मग त्यांनी मान वळवली, अंग त्यामागे टाकलं आणि कुणाचा हात न लागता, दुखण्यानंतर पहिल्यांदा, ते डाव्या कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.